यादीतला शब्द

सभेहून परतणाऱ्या माणसाला विचारा, कोण बोललं? तो सांगेल. अध्यक्ष कोण होते? डोकं खाजवून का होईना, सांगेल. लाऊडस्पीकर कोणाचा होता? "ते काय ठाऊक बुवा!" पस्तीस वर्षं मी हा धंदा केला. अंधेरी पूर्वेला गुंदवलीपासून मरोळपर्यंत असं मैदान नसेल, जिथे मी बांबूवर चढून भोंगा बांधला नाही. तरी माझं नाव कोणाच्या तोंडी नाही. त्यामुळे संपादकांचं पत्र आलं, की 'व्यवसायातले अनुभव लिहा', तेव्हा मला आधी वाटलं पोस्टमन चुकला. मग म्हटलं, लिहूनच टाकू. एक गोष्ट पोटात फार वर्षं पडून आहे आणि ती सांगायला मला दुसरी जागा मिळणार नाही.

धंदा आधी समजावून सांगतो. एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या सालांत आमचं मशीन म्हणजे पत्र्याचा जड पेटारा. आत काचेचे व्हॉल्व्ह. ते तापायला मिनिटभर लागायचं, आणि तेवढ्यात पुढारी माईकवर बोटं आपटून "चालू आहे का हो?" असं दहा वेळा विचारायचा. वीज नसेल तिथे मोटारीची बॅटरी. भोंगे उंच बांधायचे आणि त्यांची तोंडं माईककडे येऊ द्यायची नाहीत, नाहीतर अशी शिट्टी बसते की बाया कानांवर हात घेतात. मी व्यासपीठाच्या बाजूला खाली, मशीनपाशी बसायचो. उजवा हात आवाजाच्या बटणावर. वक्ता माईकपासून लांब गेला की आवाज चढवायचा, माईक गिळायला आला की उतरवायचा, गहिवरला की हळूच थोडा चढवायचा. अर्धं भाषण वक्त्याचं आणि अर्धं माझ्या हाताचं, असं मी समजायचो. टाळ्या मात्र सगळ्या वर जायच्या. भोंगे माझे, बॅटरी माझी, घसा बसलेल्याला खडीसाखर मी द्यायची, आणि हार त्याच्या गळ्यात. जळायचो मी. उगाच खोटं कशाला बोलू?

सगळ्यांत जास्त जळायचो वामनवर. वामन माझा शेजारी आणि दोस्त. दोघंही कोकणातल्या एकाच गावातून आलेले, एकाच चाळीत भिंतीला भिंत लावून राहणारे. तो साकीनाक्याला एका वर्कशॉपात लेथवर काम करायचा. शिक्षण सातवी. पण बोलायला उभा राहिला की हातात कागद नाही, पुढे पाण्याचा पेला नाही, नुसता सरळ बोलत सुटायचा. त्याच्या भाषणाला मला बटणाला हात लावावा लागायचा नाही. कधी पुढे व्हायचं, कधी मागे, त्याचं त्याला कळायचं. म्हणजे माझं ते अर्धंसुद्धा गेलं! वर त्याला नावं ठेवायची भारी हौस. समोरच्या पक्षातल्या प्रत्येकाला त्याने एकेक नाव दिलं होतं आणि ती नावं अशी चिकटायची की त्या माणसाच्या घरची मंडळीसुद्धा चुकून बोलून जात.

त्याहून वाईट म्हणजे आमची सुमती. माझी बायको. लग्नानंतर सहा वर्षं मी सभा लावत होतो, एकदाही आली नाही. "काय ऐकायचंय त्यात?" म्हणायची. पण वामन बोलणार असला की दुपारीच भाकऱ्या थापून तयार. पहिल्या रांगेत, बायकांच्या सतरंजीवर. घरी येऊन पीठ मळता मळता त्याची वाक्यं म्हणायची. "काय बोलतात हो वामनभावोजी! अंगावर काटा येतो." मी म्हटलं, "आवाज कोणाच्या मशीनमधून येतो?" ती म्हणाली, "हो, तेही आहेच म्हणा." तेही आहेच म्हणा! त्या रात्री मी जेवलो नाही. तिला वाटलं पित्त झालं.

आता मुख्य गोष्ट. ते दिवस तापलेले होते. मराठी राज्य होणार की नाही, यावरून घराघरांत भांडणं चालली होती. त्यात आमच्या वॉर्डाची निवडणूक आली. एका बाजूला जोगळेकर मास्तर, अर्ध्या अंधेरीला बाराखडी शिकवलेले. दुसऱ्या बाजूला डॉक्टर डिमेलो, इथल्याच गावठाणातले, तरुण, घरात आमच्यासारखीच मराठी बोलणारे. दोघंही भले. पण त्यांची माणसं व्यासपीठावर चढली की तोंडाला धरबंध राहायचा नाही. एका सभेत एकाने दुसऱ्याचा बाप काढला, दुसऱ्याने खुर्ची उचलली, आणि त्या धांदलीत माझा नवाकोरा माईक कोणाच्या तरी चपलेखाली चिरडला. मी सभ्यतेचा कैवारी झालो तो त्या दिवशी.

फुटलेला माईक घेऊन मी तडक मास्तरांकडे गेलो. मास्तर मला घेऊन डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. त्यांच्या बाजूने बोलणारा वामनही बरोबर होता. तिथे मास्तर म्हणाले, "डॉक्टर, वर्गात पोरगा शिवी देतो तेव्हा मी त्याला बाहेर उभा करतो. इथे आपण शब्दालाच बाहेर उभा करू. लाऊडस्पीकर दोघांच्या सभांना याचाच असतो. कोणी वाईट शब्द काढला की याने माईकचा स्विच बंद करायचा. मनात दहा आकडे मोजायचे आणि मग चालू."

"माझ्या माणसांसाठी पण?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोघांच्याही."

"मग कबूल. पण वाईट शब्द कोणता हे यांना कळणार कसं?"

म्हणून यादी करायला बसले. तसा देखावा मी आयुष्यात पुन्हा पाहिला नाही. दोन सभ्य माणसं, मध्ये चहा, आणि एकमेकांना अदबीने शिव्या सुचवताहेत.

"डॉक्टर, 'लुच्चा' धरायचा का?"

"धरा की. 'भामटा'?"

"अवश्य. 'नालायक'चं काय करू या?"

"तो राहू दे हो, मास्तर. तोसुद्धा काढला तर निवडणुकीत बोलायचं काय?"

दोघं हसले. मास्तरांना फार शब्द ठाऊक नव्हते. कंपाउंडरने आतून तीन-चार ओरडून सांगितले, ते मास्तरांनी डोळे मिटून लिहिले. उरलेले मी पुरवले. यादी संपत आली तेव्हा डॉक्टर जरा थांबले. मग खाली बघत म्हणाले, "आणखी एक घाला. 'पाणीडॉक्टर'."

हे नाव वामनने ठेवलेलं. आदल्या वर्षी एका सभेत तो सहज बोलून गेला होता, की हा डॉक्टर सुईतून औषधाऐवजी पाणी टोचतो. लोक पोट धरून हसले. पण नाव चिकटलं. दवाखान्याच्या भिंतीवर पोरं कोळशाने लिहायला लागली. सुई टोचून घेताना बाया दंड मागे ओढून विचारायला लागल्या, "डॉक्टर, औषधच हाय ना त्याच्यात?" रोज, दिवसातून चार वेळा, हे त्या माणसाने ऐकलं असेल. मास्तरांनी शब्द लिहिला. वामन आपल्या चपलांकडे बघत होता.

मला मात्र आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. म्हटलं, बरी खोड मोडली वामन्याची! नावं ठेवता येणार नाहीत म्हटल्यावर हा बोलणार काय? आणि स्विच कोणाच्या हातात? माझ्या!

पहिले काही दिवस मी राजा होतो. डॉक्टरांच्या बाजूने मरोळचे अंतोनकाका बोलायचे, भाताची शेती करणारे म्हातारे. शिवी दिल्याशिवाय त्यांना प्रेमसुद्धा करता येत नसे. त्यांचं भाषण लोकांना असं ऐकू आलं: "या डॉक्टरनी माझ्या..." बंद. "पोराला वाचवला, नाहीतर तो..." बंद. "आज शेतावर काम करतो, आन् मी त्या..." बंद. शेवटी काका माईक सोडून पुढे आले आणि नुसते हात जोडून उभे राहिले. त्यांना पडल्या तेवढ्या टाळ्या त्या निवडणुकीत दुसऱ्या कोणाला पडल्या नसतील. एकदा शहरातून एक बडे पुढारी आले. दुसऱ्याच वाक्याला मी त्यांना बंद केलं. चालू केल्यावर ते गरजले, "कोण आहे हा..." आणि पुढे जे म्हणाले तेही यादीत होतं. पुन्हा बंद. मैदान हसून हसून लोळलं. लोक आता सभेला जाताना म्हणायला लागले, "चल, शांतारामची सभा बघायला." शांतारामची! माझं नाव, हो.

पण वामन? त्याने माझी पार वाट लावली. नावं ठेवणं बंद झालं तर हा बाबा अधिकच चांगलं बोलायला लागला. रस्त्यावरच्या नळांचं बोलायचा, शाळेच्या गळक्या पत्र्यांचं बोलायचा, विरोधकांना नावापुढे राव लावून असे अडचणीचे प्रश्न विचारायचा की त्यांची माणसंही मान डोलवायची. मी स्विचवर बोट ठेवून बसायचो, एखादा तरी शब्द निसटेल म्हणून. एकही नाही. आणि पुढे सतरंजीवर सुमती, पदर खांद्यावर, डोळे त्याच्यावर.

मास्तरांच्या बाजूची शेवटची सभा रविवारी संध्याकाळी होती, दवाखान्यासमोरच्याच मैदानात. दुपारी मी तारा ओढत होतो, तेव्हा वामन आला. मला हॉटेलात घेऊन गेला, चहा मागवला.

"शांत्या, आज मी डॉक्टरांची माफी मागणार आहे."

"कसली?"

"त्या नावाची. भर सभेत ठेवलं, भर सभेतच परत घ्यायला हवं. त्या दिवशी दवाखान्यात त्यांनी स्वतः तो शब्द सांगितला ना, तेव्हापासून मला झोप नाही रे. पण नाव एकदा घ्यावं लागणार. नाहीतर लोकांना कळणार कसं, मी काय परत घेतोय ते? तेवढा एकदा स्विच बंद करू नकोस."

"मास्तरांना सांगितलंस?"

"नको. ते म्हणतील, निवडणूक झाल्यावर माग. तुला फक्त सांगतोय."

"बरं," मी म्हटलं. चहा संपवला. आणि मैदानाकडे परत जाताना माझ्या डोक्यात काय होतं ते जसंच्या तसं लिहितो. डॉक्टरांचा विचार नव्हता, नियमाचा नव्हता. डोक्यात एवढंच होतं, की या माफीला पडतील तशा टाळ्या त्याला आजवर कधी पडल्या नसतील. लेकाचा शिव्या देऊनही जिंकला, न देता जिंकला, आता माफी मागूनही जिंकणार. आणि सुमती रडणार. नक्की रडणार.

सभा भरली. समोर दवाखान्याचं दार उघडं होतं आणि आत डॉक्टर खुर्चीवर बसलेले मला दिसत होते. वामन उठला. अर्धा तास बोलला आणि मैदान त्याने मुठीत घेतलं. मग थांबला. आवाज उतरवून म्हणाला, "डॉक्टर डिमेलो यांच्याबद्दल मला आज शेवटचं एकच बोलायचंय." पुन्हा थांबला. लोक पुढे सरकले. मी सुमतीकडे पाहिलं. तिचे डोळे आधीच भरून आले होते.

"पाणीडॉक्टर," वामन म्हणाला, आणि लोकांनी तो शब्द नीट ऐकावा म्हणून एक श्वास थांबला.

मी स्विच बंद केला.

वामनला पहिल्यांदा कळलंच नाही. तो बोलतच होता. दवाखान्याकडे हात जोडून, मान खाली घालून. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. "हा शब्द माझा आहे. हा खोटा आहे. या माणसाने माझ्या स्वतःच्या आईला मरणाच्या दारातून आणलं आणि मी..." मैदानाला त्यातलं काहीच ऐकू गेलं नाही. मैदानाला एक शब्द ऐकू गेला आणि भोंगा गप्प झाला. मागून ओरडा सुरू झाला, "शरम नाही वाटत?" "खाली बसवा त्याला!" मी दहा आकडे मोजले. चालू करायला हवं होतं. हात हलला नाही. पुन्हा दहा मोजले. समोर डॉक्टर खुर्चीवरून उठले आणि त्यांनी दवाखान्याचं दार आतून लावून घेतलं.

मास्तर धावत माईकपाशी आले तेव्हा मी स्विच चालू केला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी वामनच्या वतीने सगळ्यांची क्षमा मागितली आणि त्याला व्यासपीठावरून उतरायला सांगितलं. वामन उतरताना माझ्याजवळ थांबला. मला वाटलं आता हा ओरडणार, लोकांना सांगणार, 'मी याला दुपारीच सगळं सांगितलं होतं.' मास्तर त्याला म्हणाले, "अरे, काय केलंस हे?" वामनने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चूक माझी, मास्तर. शब्द यादीत होता. त्याने नियम पाळला."

घरी सुमतीने दिवा लावला, पोराला भरवलं, आणि मग म्हणाली, "ते माफी मागत होते."

"शब्द यादीतला होता."

"मी पुढे बसले होते. मला ऐकायला भोंगा लागत नाही. आणि तुम्ही तर माझ्याहून जवळ होतात."

"बायकांना काय कळतं त्यातलं!" मी ओरडलो. ती अजिबात दचकली नाही.

"डॉक्टरांना जाऊन सांगा."

"सांगतो."

सांगितलं नाही. मास्तर पडले. लोक म्हणाले, वामनच्या तोंडाने पाडलं. डॉक्टर निवडून आले आणि सत्काराच्या सभेत डॉक्टर आणि मास्तर या दोघांनी मिळून मला शाल आणि नारळ दिला. डॉक्टर म्हणाले, "जिवलग मित्र असूनही यांनी भीड धरली नाही." माझ्याच भोंग्यातून माझं नाव त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर पडलं. माईक समोर होता, चालू होता, एक वाक्य बोलायचं होतं. मी "धन्यवाद" म्हटलं आणि खाली येऊन बसलो. घरी ती शाल सुमतीने कपाटात ठेवली नाही. आठवडाभर दाराच्या खुंटीवरच होती, मग मीच ट्रंकेत टाकली.

वामन पुन्हा कधी व्यासपीठावर चढला नाही. वर्षभरात तो चाळ सोडून वाकोल्याला गेला. मला वाटायचं, आता तरी पोटातलं थंड होईल. कसलं! नवे वक्ते आले, चांगले होते, पण एकाचाही मला हेवा वाटेना. माझा हेवासुद्धा वामनबरोबर वाकोल्याला गेला होता. आणि नवीन काय, तर त्याच्या त्या एका वाक्याचा हेवा. 'त्याने नियम पाळला.' त्याच्या जागी मी असतो तर असं बोललो असतो का? नाव घेऊन शिव्या घातल्या असत्या.

शेवटी दुसऱ्या वर्षी, एका रविवारी सकाळी, मी त्याच्या घरी गेलो. त्यानेच दार उघडलं.

"या, शांतारामराव. या, बसा."

मी उभाच राहिलो. "वामन, मी मुद्दाम केलं. तू सांगितलं होतंस ते लक्षात असताना केलं. तुझ्या टाळ्या मला बघवत नव्हत्या."

"ठाऊक आहे मला," तो शांतपणे म्हणाला. "बसा ना."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"लोक खवळले होते. तुम्हाला मारलं असतं त्यांनी." मग आत तोंड करून म्हणाला, "अगं, शांतारामराव आलेत. चहा टाक."

"डॉक्टरांना मी आज जाऊन सांगतो," मी म्हटलं. "आत्ता जातो."

"त्यांना ठाऊक आहे. वहिनी सांगून आल्या, पोराला खोकला होता तेव्हा दवाखान्यात गेल्या होत्या ना. झालं की आता वर्ष सव्वा वर्ष."

मी खाली बसलो आणि हिशेब केला. शाल ट्रंकेत गेली त्याच्या पंधरा-वीस दिवसांत. म्हणजे तेव्हापासून डॉक्टरांना ठाऊक होतं. तेव्हापासून ते मला रस्त्यात "काय शांतारामराव, बरं आहे ना?" म्हणत होते. त्यांच्या नाताळाच्या कार्यक्रमाला लाऊडस्पीकर माझाच लावत होते. एका शब्दाने मला कोणी दुखावलं नाही. सुमतीनेसुद्धा नाही.

तेवढ्यात दारात सायकलची घंटी वाजली आणि डॉक्टर डिमेलो आत आले. हातात गळ, डोक्यावर टोपी. दर रविवारी दोघं गोराईला डॉक्टरांच्या आजोळी मासे धरायला जायचे, हे मला तेव्हा कळलं.

"काय रे वाम्या, अजून तयार नाहीस?" डॉक्टर म्हणाले.

"थांब रे, डॉक्टर. जीव का खातोस? होडी काय पळून जातेय?" वामन म्हणाला. मग माझ्याकडे वळून आवाज बदलून म्हणाला, "घ्या, शांतारामराव, चहा घ्या. साखर बरोबर आहे ना?"

लहानपणापासूनचा दोस्त मी. आणि अरेतुरे त्या माणसाला, ज्याला याने सगळ्या गावात बदनाम केलं होतं! वाटलं, याने उठून मला यादीतला सगळ्यांत घाणेरडा शब्द घालावा, मास्तरांनी डोळे मिटून लिहिला होता तो. मी त्याचे पाय धरले असते. मी वाट बघत बसलो. त्याने बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

मी चहा संपवला आणि उठलो. दोघंही मला दारापर्यंत सोडायला आले, आणि वामन म्हणाला, "येत जा अधूनमधून, शांतारामराव."